शून्य झालं की उघडायचं

पत्त्याच्या रकान्यात ‘भट्टी रस्ता, दोन नंबरच्या फाटकासमोर’ असं त्यानं वाचलं आणि माउसवरचा हात जागच्या जागी थांबला. एवढंच झालं. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती, एसी नेहमीसारखा घरघरत होता, शेजारच्या टेबलावरची बाई डब्यातली काकडी कराकरा चावत होती, आणि यानं तो पत्ता पुन्हा एकदा वाचला. भट्टी रस्ता. जगात भट्टी रस्ते काय कमी असतील? पण दोन नंबरचं फाटक, त्याच्यासमोरची पिवळी बैठी इमारत आणि तिच्या दारात सायकली लावायला केलेला लोखंडी कठडा, ज्यावर बसून त्यानं लहानपणी दादाची पाळी सुटायची वाट बघितली होती, हे सगळं जगात एकाच ठिकाणी होतं. त्या पिवळ्या इमारतीत काचकारखान्याच्या कामगारांचा निवृत्ती न्यास होता. दादाचं पेन्शन तिथूनच येणार होतं. आणि त्या न्यासाच्या ओळीत, तिमाहीअखेरच्या रकान्यात, शून्य होतं.

त्याचं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड होतं. मोठमोठ्या संस्था असतात, विमा कंपन्या, बँका, पेन्शनचे न्यास. त्यांच्याकडे लोकांचा पैसा असतो आणि तो त्यांनी कशात ठेवलाय हे दर तिमाहीला जाहीर करावं लागतं, तिमाही संपल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत. तो त्या याद्या घ्यायचा, मागच्या वेळचे आकडे आणि या वेळचे आकडे यांची वजाबाकी करायचा, आणि कोणी किती घेतलं, कोणी किती विकलं ते लिहायचा. अकरा वर्षं त्याच्याकडे एकच फंड होता, अल्पमुदतीच्या रोख्यांचा. म्हणजे वर्षा-दोन वर्षांत परत मिळणारी कर्जं, तीही सरकारला नाहीतर बड्या कंपन्यांना दिलेली. व्याज बेताचं, धोका त्याहून बेताचा. इथे पैसा कमवायला कोणी येत नाही, टेकायला येतो. आज ना उद्या द्यावा लागणार असलेला पैसा संस्था इथे ठेवतात. पलीकडचे शेअरवाले या फंडाला ‘दवाखान्याबाहेरचा बाक’ म्हणायचे, आणि याला ‘पंचेचाळीस’, कारण याला काहीही विचारा, अगदी कालचा सिनेमा कसा होता विचारा, हा म्हणणार, पंचेचाळीस दिवस थांबा, मग सांगतो. थट्टा त्यानं स्वतःच सुरू केली होती, आता ती अंगाला चिकटली होती.

यादीत नावं नसायची, सहा आकडी नंबर असायचे. नंबर, मागचा आकडा, आताचा आकडा, फरक. नोट लिहून झाली की नंबरांच्या जागी नावं मशीन भरायचं आणि तोवर हा कधीच पुढच्या ओळीवर गेलेला असायचा. दिवसाला तीनशे ओळी. नावं वाचत बसलं तर झालंच कल्याण. फक्त एका वेळी मूळ कागद उघडून बघायचा, शून्य आलं तर. हा नियमही त्याच्यामुळेच पडला होता. सहा वर्षांपूर्वी एका विमा कंपनीचा नंबर शून्यावर आला आणि यानं बिनधास्त लिहून टाकलं, कंपनी सगळं विकून बाहेर पडली. ती कुठेही पडली नव्हती. दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. जुना नंबर बंद, नवा सुरू, माल जागच्या जागी. पण बातमी व्हायची ती झाली, दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या दारात पॉलिसी मोडायला रांग लागली, आणि याची नोकरी जाता जाता राहिली. तेव्हापासून प्रत्येकाच्या स्क्रीनखाली त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती: शून्य झालं की उघडायचं. बाकीचं उघडायला वेळ कोणाला होता?

आज उघडलं म्हणून पत्ता दिसला, आणि पत्ता दिसला म्हणून दादाचा फोन आठवला. तीन आठवडे झाले असतील त्याला. कारखान्यानं सहा महिन्यांपूर्वी दोनातली एक भट्टी बंद करायचं ठरवलं होतं आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना घरी बसवायची योजना काढली होती. न्यासात साठलेले तुमचे पैसे एकरकमी घ्या आणि मोकळे व्हा, नाहीतर न्यासाकडेच ठेवा आणि मरेपर्यंत महिन्याला पेन्शन घ्या, तुमच्यामागे बायकोला निम्मं. दोनातलं एक. फॉर्म दिल्यावर मन बदललं तर मुदतीच्या आत परत मागता येतो, मुदत संपली की ब्रह्मदेवालाही बदलता यायचं नाही. दादानं भर दुपारी फोन केला होता. एरवी तो दुपारी कधी करत नसे. ‘एक विचारायचं होतं रे छोट्या, दोन मिनिटं आहेत का?’ यानं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला, हात की-बोर्डवर तसेच, आणि ‘बोल ना’ म्हणाला. दादा सगळं पहिल्यापासून सांगत होता आणि हा एका बँकेची ओळ लिहीत होता. मधे एक ‘हं’, मधे एक ‘बरोबर’. मग दादा थांबला, म्हणजे आता आपण बोलायचंय हे लक्षात आलं, आणि हा म्हणाला, ‘महिन्याला घे. एकरकमी हातात आले की संपतात. न्यासाचा पैसा कुठे पळून जातोय?’ अर्धं मिनिटसुद्धा नाही. भाजी कुठली आणू असं कोणी विचारलं तरी माणूस याहून जास्त विचार करतो. ‘नक्की ना?’ दादानं विचारलं होतं. ‘अरे, मी दिवसभर हेच तर बघतो,’ हा म्हणाला होता. ‘तेच म्हटलं. चल ठेवतो, तू कामात आहेस.’ आणि फोन लवकर आटपला म्हणून याला चक्क बरं वाटलं होतं. आता दिलेल्या सल्ल्यापेक्षा ते बरं वाटणंच जास्त आठवत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

दादानं मुदतीची तारीख सांगितली होती. तेवढी मात्र लक्षात राहिली, कारण याद्या यायचा शेवटचा दिवसही तोच होता. म्हणजे आज. संध्याकाळी पाचपर्यंत.

खरं तर बघण्याचं काम दादाचं होतं. वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. शाळा सोडून भट्टीवर लागला, दहा वर्षं तिथे काढली, भुवया जळून जळून विरळ झाल्या त्या कायमच्या, आणि मग तपासणीला बसला. पांढऱ्या दिव्याच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि दादा त्यांच्यातला बुडबुडा, चीर, वाकडी मान हेरून बाटली बाजूला काढायचा. तिथे दर वीस मिनिटांनी माणूस बदलतात, कारण नजर थकली की फसते. दादाला बदलायची गरज पडत नाही, असं लोक सांगायचे. थोडी फोडणी असेल त्यात, पण घरीसुद्धा पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरल्याशिवाय तो तोंडाला लावत नसे. वहिनी म्हणायची, ‘माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?’ त्या बाटल्यांवर याचं कॉलेज झालं, होस्टेल झालं, मुलाखतीचा कोट शिवून झाला. नोकरी लागली तेव्हा दादा याला मुद्दाम कारखान्यात घेऊन गेला आणि पाळी बदलायच्या वेळेला फाटकाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला, ‘हा माझा भाऊ. मोठमोठ्या बँकांच्या पैशावर लक्ष ठेवतो!’ हा कसनुसा हसत उभा होता. लक्ष कसलं ठेवतोय, वजाबाकी करतोय, असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. तेव्हा म्हटलं नाही आणि नंतर म्हणायची सोय राहिली नाही, कारण दादा दर वर्षी ते वाक्य थोडं वाढवून सांगत गेला. पुढे याचं लग्न झालं, मुलगी झाली, घराचे हप्ते सुरू झाले. तीन तासांचं तर अंतर. आधी महिन्यातून एकदा जायचा, मग दोन महिन्यांतून, मग कोणी आजारी पडलं तर. दादानं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, वहिनी मात्र फोनवर म्हणायची, ‘भाऊजी, तुमची खोली झाडून ठेवते हो मी, तुमच्या जागी धूळ येऊन राहायला नको.’ हा हसायचा. हसून वेळ निभावून न्यायची त्याला सवयच लागली होती.

आता माणसानं काय करावं? फोन उचलावा आणि दादाला लावावा. यानं तो लावला नाही. हा नवा नंबर शोधायला बसला. न्यास कुठेतरी विलीन झाला असेल, नाव बदललं असेल, त्या विमा कंपनीसारखंच जुनं शून्य आणि नवीन भरलेलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि ते सांगताना त्याला एकदम हुशारी आली. या तिमाहीत नव्यानं आलेले नंबर छत्तीस होते. त्यानं एकेक उघडायला घेतला. परिचारिकांचा न्यास. गोदी कामगारांचा. शिक्षकांच्या दोन पतसंस्था एकत्र आलेल्या. प्रत्येक कागद उघडताना वाटे, हाच असणार, आणि पत्ता वाचला की दुसरंच शहर निघे. विसाव्या कागदाशी त्याला कळलं की आपण वेळ काढतोय. कळूनही त्यानं एकविसावा उघडला. छत्तीस होईपर्यंत साडेतीन वाजले, आणि त्या छत्तिसांत काच नावाला नव्हती.

विभागप्रमुख बाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहायच्या तेव्हा हातातली पेन्सिल खुर्चीच्या पाठीवर वाजवायच्या. ‘काय पंचेचाळीस, तुमच्याकडे शून्य एकच आहे ना? उघडलंत?’

‘बघतोय.’

‘विलीन झालाय?’

‘तसं दिसत नाही.’

‘मग लिहून टाका की, सगळं विकलं. चारला मला नोट हवी.’

‘का विकलं असेल ते…’ तो म्हणाला, आणि आपण हे मोठ्यानं का म्हणालो ते त्याला कळेना.

‘का हे आपलं खातं नाही हो,’ बाई हसून म्हणाल्या. ‘का लिहायला लागलो तर पोपट घेऊन बाहेर फुटपाथवर बसावं लागेल.’ शेजारची बाई फिस्सकन हसली, आणि पेन्सिल पुढच्या खुर्चीकडे गेली.

मग त्यानं जे आधीच करायला हवं होतं ते केलं. तो नंबर घेऊन मागच्या तिमाहीची स्वतःची नोट उघडली. मशीननं नाव भरलेली, छापून गेलेली. ‘काचकामगार निवृत्ती न्यासाने या फंडातील आपला हिस्सा एकेचाळीस टक्क्यांनी कमी केला.’ खाली त्याची आद्याक्षरं. त्यानं ते वाक्य तीनदा वाचलं. त्याच्याच बोटांनी लिहिलेलं, त्याच्याच सहीनं गेलेलं, आणि त्यानं ते आयुष्यात पहिल्यांदा वाचलं होतं. दादाचा फोन यायच्या दोन महिने आधीचं होतं ते. एकेचाळीस टक्के म्हणजे शून्य नव्हे, म्हणून उघडलं नव्हतं. आता त्यानं न्यासाची सगळी यादी उघडली, विकून काय गेलं त्यापेक्षा उरलंय काय ते बघायला. सात ओळी. त्यातल्या सहा किरकोळ, एकरकमीचे शेवटचे चेक निघतील एवढ्याच. सातवीत जवळजवळ सगळं, आणि ते म्हणजे खुद्द काचकारखान्याचे शेअर. कारखान्यानं न्यासात आपल्या वाट्याचे पैसे रोख भरायच्या ऐवजी स्वतःचेच शेअर भरले होते, आणि ज्याचे हातात पैसे होतील असं बाकी जे जे होतं ते विकून संपलं होतं. म्हणजे आता जो पेन्शन घेणार त्याचं पेन्शन त्या एका उरलेल्या भट्टीवर. ती विझली की पेन्शनही गेलं, वहिनीचं निम्मंही गेलं. हे सगळं कळायला मोजून पाच मिनिटं लागली. मागच्या तिमाहीची यादीही त्यानं लावून बघितली. तेव्हाही शेअरच निम्म्याहून जास्त होते. तीन आठवड्यांपूर्वी दादाला म्हणाला असता, पाच मिनिटं थांब, तर पुरलं असतं. त्याला आपल्या गालफडात मारून घ्यावंसं वाटलं. ऑफिसात तसं करता येत नाही, म्हणून त्यानं चष्मा काढून पुसला.

चार वाजायला पाच मिनिटं असताना त्यानं फोन लावला.

‘तू? या वेळेला?’ दादाचा आवाज घाबरलेला आला. ‘तुझी बाळी बरी आहे ना?’

‘सगळे बरे आहेत. दादा, तो फॉर्म भरलास?’

‘कधीच! तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी. महिन्याला.’

‘आणि बाकीच्यांनी?’

‘बाकीच्यांनी उचलले एकरकमी. भट्टीवाले तर सगळ्यात आधी. मग पॅकिंगचे, मग आमचे तपासणीवाले. एकशे अठरा जण. महिन्यावाला मी एकटाच.’ दादा हसला. ‘भित्रट आहेत रे. एकानं उडी मारली की सगळे धपाधप. मी सांगितलं त्यांना, माझा भाऊ यातला माणूस आहे, मी त्याला विचारून भरलाय.’

तर शून्याचं कारण हे होतं. एकशे अठरा माणसं एकेक करून पिवळ्या इमारतीत गेली, सही करून बाहेर पडली, आणि प्रत्येकाला द्यायला न्यास रोखे विकत गेला. याच्या यादीत ती माणसं एकेचाळीस टक्के म्हणून आली आणि नंतर शून्य म्हणून आली. ते सगळे बिचारे घाबरून योग्य तेच करत होते आणि एकटा दादा न घाबरता मधे उभा होता, याच्या भरवशावर. त्यानं सांगितलं, शेअरचं, रोख संपल्याचं, उरलेल्या भट्टीचं. ‘दादा, फॉर्म परत माग. पाचपर्यंत देतात. आत्ता निघ.’

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘हे तेव्हा नव्हतं का?’

उत्तर याच्या जिभेवर तयार होतं. यादी आजच आली, दादा. पंचेचाळीस दिवस लागतात. शब्दशः खरं होतं, कोणी कधी पकडलं नसतं, आणि दादानं ते उद्या फाटकाशी अभिमानानं सांगितलं असतं, बघा, कळल्याबरोबर फोन केला त्यानं. सुटकेची अशी सोपी वाट त्याला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. तो उठून खिडकीशी गेला. खाली एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता.

‘होतं,’ तो म्हणाला. ‘मी बघितलं नव्हतं.’

‘म्हणजे?’

‘तू विचारलंस तेव्हा मी काही न बघताच सांगितलं.’

‘ते ठाऊक आहे मला,’ दादा म्हणाला.

‘काय ठाऊक आहे?’

‘तू टाइप करत होतास. ऐकू येतं रे फोनमध्ये, टकटक टकटक.’

‘मग तरी भरलास?’

‘मला वाटलं, याला आता बघायची गरज पडत नसेल. इतकी वर्षं झाली.’

खिडकीच्या कट्ट्यावर तो टेकला. दादा रागावला असता, त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो नेहमीच्याच आवाजात बोलत होता आणि तेच सहन होत नव्हतं.

‘आता जा, दादा. दहा मिनिटांवर तर आहे.’

‘नाही जायचो.’

‘दादा!’

‘आज शेवटच्या तुकडीचे चेक आहेत. सगळे तिथे जमलेत. त्यांच्यासमोर फॉर्म परत मागू? आणि काय सांगू, भावानं चुकीचं सांगितलं?’

‘सांग. तसंच सांग.’

‘अकरा वर्षं तुझं नाव घेतोय मी त्या फाटकात. एका दुपारी घालवून येऊ? राहू दे. एक भट्टी चालू आहे अजून. आम्हाला दोघांना लागतं किती?’ त्याचा आवाज आता चढला होता. हा ओळखीचा हट्ट होता. याच हट्टानं त्यानं कॉलेजची फी भरली होती, आणि तेव्हाही कोणाचं ऐकलं नव्हतं. हा विनवत राहिला, मुदतीचं सांगत राहिला, वहिनीचं सांगत राहिला, आणि दादा प्रत्येक वाक्याला ‘राहू दे’ म्हणत राहिला. मग तिकडे खसफस झाली, काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि फोनवर वहिनी होती.

‘भाऊजी, मी शेजारी बसून ऐकलं सगळं. यांना ऐकायचं नसेल, पण मला आहे. फॉर्मवर माझीही सही आहे ना?’

‘आहे. बायकोची संमती लागते.’

‘मग माझी सही मी मागे घेतली तर?’

त्याला हे सुचलंच नव्हतं. ‘तर फॉर्म परत येतो, वहिनी.’

‘तू कुठे निघालीस?’ मागून दादा ओरडला. ‘गप घरात बस.’

‘चप्पल घालतेय, दिसत नाही?’ वहिनी त्याच दमात म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, ‘पण तिथे माझं कोण ऐकणार? म्हणतील बाईचं डोकं फिरलं, नवऱ्याला पाठवा. तुम्ही बोलाल त्यांच्याशी? मी फोन लावून देते.’

‘बोलेन.’

‘सगळ्यांसमोर बोलावं लागेल हां. आणि आडपडदा न ठेवता.’

‘बोलेन म्हटलं ना, वहिनी. तुम्ही पळा.’

फोन बंद झाला आणि वेळ जाईना. त्यानं जागेवर येऊन नोट पुरी केली. ‘आपला संपूर्ण हिस्सा विकला.’ पाच शब्दही झाले नाहीत. बाईंनी ती लांबूनच बघून मान हलवली. सव्वाचार. वहिनीचे गुडघे दुखतात, ती भरभर चालू शकत नाही, हे त्याला आठवलं. मागच्या खेपेला तिनं जिना चढताना कठडा दोन्ही हातांनी धरला होता आणि यानं विचारलंही नव्हतं. ते मागच्याच खेपेला ना, की त्याच्याही मागच्या? साडेचार. तिला उशीर होऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, तिच्या फोनची बॅटरी संपावी असंही वाटत होतं. मग आपला काही दोष नाही, आपण तयार होतो. हा विचार आपलाच आहे हे त्यानं ओळखलं. इतका नीच माणूस आपण कधी झालो, कुठल्या तिमाहीत, याची कुठे नोंद नव्हती. समोरच्या शेअरवाल्यांच्या टेबलावर कोणीतरी पेढ्यांचा नाही, नुसत्या बिस्किटांचा पुडा फोडला होता आणि त्यावरून थट्टा चालली होती. ‘पंचेचाळीस, घेणार का? की दीड महिन्यानं?’ त्यानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांनाही कळलं नाही आणि त्यालाही.

चार चाळीसला फोन वाजला. गर्दीचा गलका, खुर्च्या सरकल्याचे आवाज, आणि एक जाडा, कंटाळलेला आवाज.

‘हॅलो, न्यासाच्या ऑफिसातून बोलतोय. आपण कोण?’

त्यानं दादाचं नाव घेतलं. ‘त्यांचा धाकटा भाऊ.’

‘अच्छा, म्हणजे ते बँकांवर लक्ष ठेवणारे!’ मागे कोणीतरी काहीतरी बोललं, दोनतीन जण हसले. ‘या बाई आल्यायत, सही मागे घ्यायची म्हणतात. तुमचे बंधू तर तुमचं नाव सांगून फॉर्म देऊन गेले. महिन्याला घ्या हे तुम्हीच सांगितलंत ना?’

‘हो.’

‘मग आता काय बदललं? मला कारण लिहावं लागतं.’

‘बदललं काही नाही. मी तेव्हा न बघता सांगितलं होतं.’

‘काय? मोठ्यानं बोला, इथे बाजार भरलाय. थांबा, स्पीकरवर टाकतो.’ खट्ट झालं आणि गलका एकदम कानाजवळ आला. ‘हां, बोला आता. कोणी न बघता सांगितलं?’

तो उभा राहिला. शेजारच्या बाईनं वर बघितलं. ‘मी,’ तो म्हणाला. ‘भावानं विचारलं तेव्हा मी काही बघितलं नव्हतं.’

‘ऐकू येत नाहीये हो साहेब.’

आणि मग तो ओरडला. अकरा वर्षांत त्या मजल्यावर त्याचा आवाज कोणी असा ऐकला नव्हता. ‘मी माझ्या भावाला न बघता सांगितलं! त्याची काही चूक नाही! मी बघितलंच नव्हतं! वहिनींना फॉर्म परत द्या!’

इकडचे की-बोर्ड थांबले. बाईंची पेन्सिल थांबली. तिकडचाही गलका थांबला, आणि त्या शांततेत कोणीतरी धापा टाकत माणसं बाजूला सारून पुढे येत असल्याचं ऐकू आलं.

‘कारण काय लिहू मग?’ जाडा आवाज म्हणाला. ‘तुम्हाला कळत नव्हतं, असं लिहू? पुन्हा एकदा सांगा, हे सगळे ऐकतायत.’

‘मी…’ त्यानं सुरुवात केली.

‘पुरे,’ दादाचा आवाज आला, दम लागलेला, फोनच्या अगदी जवळून. ‘माझा भाऊ आहे तो. किती वेळा बोलायला लावाल त्याला? लिहा, माझं मन बदललं. आणि द्या तो फॉर्म इकडे.’